उभ्यांतला बसा

जर्मनीच्या कोळसापट्ट्यातल्या आमच्या हुलरबेकमध्ये माणसांच्या दोनच जाती, उभे आणि बसे. कॅथलिक कोण नि प्रोटेस्टंट कोण हे आता लग्नाला आणि मयताला तेवढं आठवतं. हा दुसरा भेद मात्र शनिवार आला की वर येतो. फुटबॉलचा सामना जे छपराखाली, नंबराच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट घेऊन बघतात ते बसे. गोलच्या पाठीमागच्या उघड्या पायऱ्यांवर, पावसापाण्यात, एकमेकांना खेटून जे बघतात ते उभे. उभ्याच्या तिकिटावर नंबर नसतो. आत शिरायचं आणि आपली जागा धरायची. कुणाची जागा कुठली हे कुठंच लिहिलेलं नाही, पण भलत्याच्या जागेवर पाय रोवलात तर ते तुम्हाला ताबडतोब कळवलं जातं, आणि कळवणारा गोड बोलत नाही.

लोटार पिओंटेक जन्माचा उभा.

जुन्या मैदानात त्याची जागा डावीकडे होती, खाणीतून निघालेल्या दगडमातीचा डोंगर जिथं मैदानावर ओणवा झालाय त्या अंगाला. पायऱ्यांवर कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी दांड्या रोवलेल्या असतात. गोल झाला की वरून माणसांची लाट खाली कोसळते, ती अडवायला. आमच्याकडे त्यांना लाटतोड म्हणतात. लोटारच्या लाटतोडीचा रंग मधोमध उडालेला होता, त्याच्या पोटानं. उजव्या हाताला ट्राउडल विश्नेव्स्की. बेकरीत गिऱ्हाइकांवर ओरडून ओरडून तिचा आवाज खाणीच्या भोंग्यासारखा झालेला. डाव्या हाताला जेव्हदेत, ट्रामच्या कारखान्यातला फिटर. तो वयानं लहान, म्हणून लोटारला 'आबी' म्हणायचा, तुर्कांत थोरल्या भावाला म्हणतात तसं. मी त्यांच्या दोन पायऱ्या वर. आयुष्यातल्या बऱ्याचशा मॅचेस मी लोटारच्या टकलावरून पाहिलेल्या आहेत.

"ट्राउडल, कोपर काढ."

"कोपर माझ्या जागेवर हाय. तुझी बरगडीच आलीया मधी."

"आबी, भांडू नका, तो आपला लंगडा बघा फ्री-किक घ्यायला निघालाय."

"कोन? त्यो?" ट्राउडल म्हणायची. "त्याच्या हातात पोस्टाची पेटी दिली तर पत्र बाहेर पाडंल त्यो."

असं चालायचं. लंगडा हे आमच्याच एका खेळाडूला उभ्यांनी ठेवलेलं नाव. यातलं काही मॅचबद्दल असायचं, बरंचसं नसायचं.

आठवडाभर मात्र लोटार बसायचा. कालव्याच्या धक्क्यावर बोटींत कोळसा भरणारी उंच क्रेन होती, तिच्या टोकाला काचेची पेटी, आणि त्या पेटीत लोटार. सकाळी शिडीनं वर जायचं, पाळी संपली की खाली यायचं. दुपारचा ब्रेड आणि सॉसेज तिथंच. लघवीला उतरायचं म्हणजे बोट खोळंबायची, म्हणून कॉफीसुद्धा बेतानं. वरून त्याला सगळं दिसायचं. कालवा, बोटी, पलीकडची पोलादाची भट्टी, कुणाच्या परसात कपडे वाळत घातलेत आणि कुणाच्या नाहीत, सगळं. ऐकू मात्र काही यायचं नाही. खाली दोघं हात नाचवून भांडताना दिसायची, पण कशावरून ते कळायचं नाही. एकदा धक्क्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला. सगळ्यांनी वर बघून हात हलवले, यानंही हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीपाशी डब्यात त्याच्या वाटणीचा तुकडा ठेवलेला होता.

"लई कोरडा झाल्ता," एवढंच लोटार त्याबद्दल सांगतो.

असा माणूस शनिवारी उघड्या पायऱ्यांवर येऊन दोन्ही बाजूंनी चेंगरून घ्यायचा. कुणी त्याच्या पाठीवर बिअर सांडायचं, कुणी कानात शिंकायचं. घरी जाताना तो ओला, काळपट आणि खूश असायचा.

लग्न त्यानं जातीबाहेर केलं. आनेग्रेट ही खाणीच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. तिचा बाप पक्का बसा. बगलेत उशी घेऊन मैदानावर यायचा, आणि छपराखालच्या खुर्चीत ती उशी अशी ठेवायचा की जणू तिच्यावर बिशप बसणार आहे. जावई उभ्यांतला निघाला हे त्याला शेवटपर्यंत रुचलं नाही. लग्नाच्या जेवणात तो सगळ्यांसमक्ष म्हणाला होता, "मुलगा चांगला आहे, पण बसायला शिकवावं लागेल." त्यावर लोटार म्हणाला, "आठवडाभर बसूनच असतोय की, मामा." उभ्यांच्या टेबलावर हशा पिकला. सासऱ्यानं हेरिंग माशांची बशी पुढं सरकवली आणि विषय बदलला.

आनेग्रेट स्वतः कधी मैदानावर गेली नाही. तिचं बोलणं शुद्ध, घर लख्ख, आणि फुटबॉल म्हणजे दर शनिवारचं धुणं एवढाच तिचा संबंध.

उभ्यांची एक खोड होती, अजून आहे. मॅच रंगात आली की समोरच्या छपराखालच्या लोकांकडे हात करून सगळे एका सुरात ओरडतात, "उठा! उठा!" म्हणजे तुम्ही हुलरबेकचे असाल तर ढुंगण उचला. बसे आधी इकडंतिकडं बघतात, मग एकेक करून गुडघे चोळत उठतात. उभ्यांना ह्यात गोल झाल्यापेक्षा जास्त मजा येते. आमच्या भागात ही आरोळी बहुतेक वेळा ट्राउडल सुरू करायची, आणि तिच्या पाठोपाठ लोटारचा आवाज लागायचा. एरवी तोंडातून शब्द काढायला महाग असलेला माणूस त्या वेळी मानेच्या शिरा ताणून ओरडायचा.

खाण बंद झाली, भट्टी बंद झाली. क्रेनचं भंगार झालं, आणि लोटार पेन्शनीत निघाला. जुन्या मैदानाच्या छपराला भोकं पडली होती. गावाबाहेर, भट्टीच्या मोकळ्या जागेवर नवीन स्टेडियम बांधायचं ठरलं. त्याची बैठक खाणीच्या जुन्या स्नानघरात झाली. खाणकामगारांचे कपडे साखळीनं जिथं छताला टांगायचे तो हॉल. साखळ्या अजून तिथं लोंबत होत्या, त्यांच्याखाली आम्ही सगळे.

बांधकाम करणारी मंडळी डुसेलडॉर्फहून आली होती. उभ्यांसाठी नवी जागा ठेवणार, पहिल्यापेक्षा मोठी, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्यांच्यातली एक बाई म्हणाली की ह्या जागेत दर पायरीवर घडीच्या खुर्च्या बसवता येतील. कुलूप लावून उभ्या मिटलेल्या राहतील, दिसणारही नाहीत. एखादा मोठा सामना आला किंवा कुणाला गरज पडली की उघडायच्या. वयस्कर लोकांची सोय होईल.

हॉलमध्ये कुजबुज झाली. काहींना पटत होतं. माझ्या शेजारचे दोघं तर माना डोलावत होते. तेवढ्यात पाठीमागून लोटार उठला. तो कधी बैठकीत बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"बाई," तो म्हणाला, "कुलपाला किल्ली असती. खुर्ची हाय म्हनल्यावर एक दिवस कुनीतरी किल्ली आननार. आनि एकदा बसलेला मानूस उठत न्हाई. मला इचारा, मी जन्मभर बसलोय. उभ्यांच्या जागेत एकबी खुर्ची नको. कसलीच नको. घडीची नको, मिटायची नको, काय नको."

आणि खाली बसला. त्यावर इतक्या टाळ्या पडल्या की वरच्या साखळ्या किणकिणल्या.

त्याचं म्हणणं मान्य झालं. नव्या स्टेडियमच्या नियमांत तसं कलमच घातलं, की उभ्यांच्या भागात कोणत्याही प्रकारचं आसन आणता वा बसवता येणार नाही. तरुण पोरांनी एक लांबलचक फलक रंगवला, 'बसलेला माणूस उठत नाही', आणि तो जुन्या मैदानात कुंपणाला बांधायला सुरुवात केली. लोटार जाताना त्याच्याकडं बघायचा नाही, पण चाल जरा ताठ व्हायची.

स्टेडियम बांधून होईपर्यंत लोटारची पाठ गेली.

सुरुवातीला पाय जड व्हायचे. मग मुंग्या, मग मॅच सुरू होऊन थोडा वेळ गेला की मांड्यांत कुणी सुरी फिरवावी तशी कळ. डॉक्टरनं फोटो काढले आणि सांगितलं की मणक्यातली वाट अरुंद झालीय. उभं राहिलं की नस दाबली जाणार, बसलं की मोकळी होणार. ऑपरेशन करता आलं असतं, पण लोटारचं हृदय त्याला तयार नव्हतं.

"म्हंजे बसलं की बरं वाटनार," लोटार म्हणाला.

"हो. बसून राहा म्हणजे काही त्रास नाही," डॉक्टर म्हणाला. त्याला वाटलं आपण चांगली बातमी देतोय.

जुन्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला मी पाठीमागून बघत होतो. मध्यंतर व्हायच्या आधीच लोटारचं सगळं वजन लाटतोडीवर आलं. ट्राउडलनं कोपर काढलं नाही, उलट खांदा त्याच्या काखेखाली घातला. दुसऱ्या बाजूनं जेव्हदेतनं तसंच केलं. तिघंही समोर बघत राहिली. मॅच संपल्यावर लोकांनी आठवण म्हणून गवताचे तुकडे, फळ्या, जे मिळेल ते उपटून नेलं. लोटारला त्या दोघांनी पायऱ्या उतरवून ट्रामपर्यंत नेलं. त्याच्या हातात काही नव्हतं.

नव्या हंगामाच्या तिकिटांची वेळ आली तेव्हा आनेग्रेटनं परस्पर दोन खुर्च्या घेतल्या. वरच्या मजल्यावर, मधोमध, शेजारी-शेजारी.

"दोन?" लोटार म्हणाला.

"मी येणार आहे तुझ्याबरोबर."

"तू? तुला ऑफसाइड म्हंजे काय ठावं हाय का?"

"चाळीस वर्षं तू ट्राउडलशेजारी उभा राहिलास, तेव्हा मी विचारलं का? आता माझ्याशेजारी बस. डॉक्टरही तेच म्हणतात."

बायको मैदानावर यायला निघाली होती, आणि ती खोटं काहीच बोलत नव्हती.

पहिल्या मॅचला त्यानं तिला नेहमीच्या वेळेला बाहेर काढलं, म्हणजे जागा धरायला जातात त्या वेळेला. गेट अजून उघडायचं होतं. आनेग्रेट फाटकापाशी थंडीत कुडकुडत म्हणाली, "लोटार, आपल्या खुर्चीला नंबर आहे. ती कुणी पळवून नेणार नाही."

"आसू दे. आपन आपलं आलेलं बरं."

वर जाऊन त्यानं पहिलं काम केलं ते गळ्यातला स्कार्फ काढून खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधायचं. उभ्यांत तशी पद्धत आहे. लाटतोडीला स्कार्फ बांधून बिअर आणायला जायचं, तोवर जागेला कुणी हात लावत नाही. दोघं बिअर घेऊन परत आली तेव्हा सफाईवाल्यानं स्कार्फ सोडून, कुणी विसरलं असेल म्हणून, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नेऊन दिला होता. तो परत मिळवण्यात पहिला गोल हुकला.

मग तो बसला. पायांत मुंग्या नव्हत्या, कळ नव्हती. आणि दिसत होतं सगळं. अख्खं मैदान ताटात वाढून ठेवल्यासारखं. कोण कुठं पळतंय, कुणाच्या पाठीमागं जागा मोकळी पडलीय, सगळं. आनेग्रेट तर हरखून गेली. "अरे, हा डावीकडचा नुसता चालतोय! याला पगार कशाचा देतात?" तिच्या शेजारचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "बाई, अगदी बरोबर." लोटारला ते शब्द ऐकू आले, पण गोलच्या पाठीमागून, उभ्यांच्या बाजूनं, जो आवाज येत होता तो वर येईपर्यंत एक सपाट गुणगुण होऊन जायचा. शब्द लागत नव्हते. ट्राउडलचा भोंगासुद्धा वेगळा काढता येईना.

त्यांची जागा मात्र त्याला दिसली. नवी लाटतोड, नवा चकचकीत रंग, पण तेच डावं अंग. दोन डोकी दिसत होती आणि त्यांच्या मधे एका माणसाची फट. आजूबाजूला माणूस मावत नव्हतं, तरी ती फट तशीच होती. दांडीला मधोमध एक स्कार्फ बांधलेला होता. तो लोटारचा नव्हता. कुणीतरी आपला बांधला होता.

आणि मग ती आरोळी आली. ही मात्र वरपर्यंत स्वच्छ पोचली. "उठा! उठा!"

वरचा मजला एकमेकांकडं बघत उठला. आनेग्रेटही उठली, पर्स सावरत, गालांवर लाली. "लोटार, ऊठ ना, सगळे उठलेत." शेजारचे गृहस्थ वाकून म्हणाले, "काय हो, हुलरबेकचे नाही का तुम्ही?"

लोटार मांड्यांवर हात ठेवून समोर बघत राहिला. समोरच्या कुंपणाला पोरांनी तो फलक ताणून बांधला होता, आणि त्याची अक्षरं एवढी मोठी होती की चष्म्याशिवाय वाचता येत होती. सगळ्यांच्या कुल्ल्यांच्या मधून त्याला ती दिसत होती. तो उठला नाही.

घरी जाताना ट्राममध्ये आनेग्रेटनं विचारलं, "काय झालं? दिसत नव्हतं का नीट?"

"दिसत हुतं की. क्रेनवरनं दिसायचं तसंच."

तिनं त्याच्या गळ्यातला स्कार्फ नीट केला.

घरात कोपऱ्यात एक काठी होती. आनेग्रेटनंच औषधांच्या दुकानातून आणलेली, बाजारात रांगेत उभं राहावं लागतं म्हणून. चालताना काठी, आणि मूठ दाबली की तीन पाय फाकतात आणि वर थाळीएवढी बैठक होते. लोटारनं ती आजवर घराबाहेर काढली नव्हती. घरच्या मैदानावरच्या पुढच्या मॅचच्या दिवशी तो ती काठी घेऊन दाराशी उभा राहिला.

"मी खाली जातो. जेव्हदेतनं तिकीट काढलंय," तो म्हणाला. "तुझी खुर्ची तुला. माझी कुनालाबी दे."

आनेग्रेटनं त्याच्याकडं पाहिलं, मग काठीकडं. तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. "आणि तू बैठकीत जे बोललास ते?"

"ते बोललो."

"मग?"

"मग काय. बोललो त्ये खरंच हाय."

ती म्हणाली, "मफलर घे. तिथं वारा असेल," आणि आपलं तिकीट पर्समध्ये घातलं.

उभ्यांच्या गेटवर तपासणीला डोम्ब्रोवाबाई होत्या. पूर्वी खाणीच्या फाटकावर असायच्या. कामगारांच्या डब्यातून कोण काय पळवतंय हे त्यांना वासावरून कळायचं असं म्हणतात. त्यांनी लोटारच्या हातातली काठी घेतली, उलटी केली, मूठ दाबली. तीन पाय फटकन उघडले. पाठीमागं रांग थांबली.

"काय हो पिओंटेक, ही काठी का खुर्ची?"

ट्राउडल आणि जेव्हदेत त्याची वाट बघत फाटकाच्या आत उभे होते. ट्राउडल तिथूनच ओरडली, "आगं काठीच हाय ती! दमली की बसती, आपल्यासारखी!"

रांग हसली. डोम्ब्रोवाबाई हसल्या नाहीत. "आजाऱ्याची काठी असंल तर सोडते. खुर्ची असंल तर न्हाई. कलम हाय तसं. आनि ते कलम कुनी घालाय लावलं ते मला ठावं हाय. साखळ्यांखाली मीबी बसले हुते त्या दिवशी, टाळ्या वाजवीत."

"डॉक्टरची चिठ्ठी आहे," जेव्हदेत म्हणाला. "आबी, चिठ्ठी दाखवा ना. काठी म्हणा आणि या आत."

सगळे लोटारकडं बघायला लागले. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द उच्चारला असता तर कुणीही त्याला खोटं म्हटलं नसतं.

"उघडली की खुर्ची," लोटार म्हणाला.

पाठीमागं कुणीतरी कपाळावर हात मारला तो रांगेत मला ऐकू आला. "आबी!" जेव्हदेत ओरडला.

"आनि मिटली की?" डोम्ब्रोवाबाईंनी विचारलं.

"मिटली की काठी."

बाईंनी काठीचे पाय एकेक करून दाबून मिटवले, मूठ घट्ट बसली का ते पाहिलं आणि ती लोटारच्या हातात दिली. "मी फाटकावर असते. फाटकावर ती मिटलेली हाय," त्या म्हणाल्या. "आत काय होतं ते उभ्यांनी आपापसांत बघावं. व्हा फुडं, रांग खोळंबलीया."

लाटतोडीला स्कार्फ होता, तो ट्राउडलचा. तिनं तो सोडून गळ्यात घातला. लोटार मधल्या फटीत शिरला आणि पोट दांडीला लावलं. नव्या रंगावर अजून कुणाच्या पोटाची खूण नव्हती. मॅच सुरू झाली. थोडा वेळ तो तगला. मग मांड्यांतली सुरी फिरायला लागली. तो दांडीवर जड होत गेला, आणि दोघांचे खांदे त्याच्या काखेत येऊ लागले.

"सोडा," तो म्हणाला. "बगू द्या मॅच तुमास्नी." आणि त्यानं मूठ दाबली.

ताबडतोब वरच्या पायऱ्यांवरून, ढोलवाल्या पोरांतून, एक आवाज आला. "ए, कोण बसलंय रे तिथं? बश्या! वर जाऊन बस की!" दोघातिघांनी तो उचलला. "बश्या! बश्या!" त्यांना दिसत होतं ते नुसतं टक्कल. कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपला फलक कुणाच्या वाक्याचा आहे हेही बहुधा नसावं.

लोटार काठीवर हात टेकून पुन्हा उठायला निघाला. ट्राउडलनं त्याच्या खांद्यावर पंजा ठेवून खाली दाबलं आणि पाठीमागं वळली. ती नेमकं काय बोलली ते छापण्यासारखं नाही. त्यात पोरांच्या आयांचा आणि बेकरीच्या भट्टीचा उल्लेख होता. ढोल थोडा वेळ थांबला. मग आम्ही वरच्या पायऱ्यांवरचे एक पायरी खाली सरकलो. खालचे वर सरकले. कुणी सांगितलं नव्हतं. लोटारच्या भोवती पाठी आणि पोटं यांची भिंत झाली, आणि तो दिसेनासा झाला.

त्यालाही काही दिसेनासं झालं. एका बाजूला जेव्हदेतचा पट्टा, दुसऱ्या बाजूला ट्राउडलचं जाकीट, समोर दांडीपलीकडं आणखी पाठी. मैदान कुठं नाहीच. अधूनमधून एखादा पाय, एखादी प्लास्टिकच्या ग्लासातली बिअर. पण ऐकू सगळं येत होतं. समोरच्या म्हाताऱ्याचं जावयाला शिव्या देणं, ढोलाचा ठेका, कुणाच्या तरी पोटाची गुरगुर.

"काय झालं?" तो मधूनच विचारायचा.

"कायबी न्हाई. त्या लंगड्यानं बॉल पोस्टात टाकला."

"पत्र पोचलं का?"

"न्हाई."

मध्यंतरानंतर गोल झाला. तो कळायला लोटारला डोळे लागले नाहीत. वरून लाट आली, भिंत कोसळली, दांडीनं ती तोडली. लोटारच्या डोक्यावर थंडगार बिअर पडली आणि कुणीतरी त्याच्या कानाचं चुंबन घेतलं, ते आपणच असं जेव्हदेतनं नंतर कबूल केलं.

मॅच संपत आली तेव्हा ट्राउडलनं छाती भरून घेतली आणि समोरच्या वरच्या मजल्याकडं हात केला. "उठा!" पाठोपाठ अख्खी बाजू. "उठा! उठा!"

ही हाक आमच्यातल्या कुणाला कधीच नसते. आम्ही उभेच असतो. पण पाठींच्या त्या भिंतीत मधोमध हालचाल झाली. लोटारनं एक हात दांडीवर ठेवला, दुसरा काठीच्या मुठीवर, आणि कण्हत, एकेक गुडघा सरळ करत तो उठला. ट्राउडल ओरडायची थांबून त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो समोर, वरच्या मजल्याकडं तोंड करून उभा राहिला, पण ओरडला नाही. हाक थांबेपर्यंत उभा होता. थांबल्यावर पुन्हा बसला.

संध्याकाळी आनेग्रेटनं बटाट्याची धिरडी केली होती, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर. लोटारच्या केसांना, म्हणजे जे होते त्यांना, बिअरचा वास येत होता.

"गोल कुणी मारला माहीत आहे का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"त्या लंगड्यानं. डाव्या पायानं, लांबून. मी डोळ्यांनी पाहिलं. तू काय पाहिलंस मग?"

लोटारनं घास गिळला. "ट्राउडलच्या जाकिटाला मागं भोक पडलंय. शिवाया पायजे."

आनेग्रेट हसली. तव्यावर पुढचं धिरडं घातलं. पाठमोरीच म्हणाली, "उठा म्हणाले तेव्हा मी उठले. वरून खूप शोधलं तुला, दिसला नाहीस. नुसती गर्दी."

"उठलो हुतो," लोटार म्हणाला. "आनि एक वाढ."